एमजीबीचा डिस्ट्रीब्युटर उघडायला घेतला आहे, टायमिंगची खूण स्थिर राहत नाही

मूळ लेख: चारचाकी

माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. पाच मेन बेअरिंगचे १७९८ सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले) आणि ल्यूकसचा २५डी४ डिस्ट्रीब्युटर (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग), अशी ती कारखान्यातून बाहेर पडली जवळजवळ तशीच राहिलेली आहे आणि पुढेही तशीच राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. गेल्या चार महिन्यांपासून मात्र तिच्या दोन तक्रारी आहेत. आयडलिंगला इंजिन मधूनच एखादा ठोका चुकवते, आणि चौथ्या गिअरमध्ये चढावर १५०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा नॉकिंगचा आवाज येतो.

एका गॅरेजमध्ये प्लग, कॉइल आणि कंडेन्सर बदलून झाले आणि कार्ब्युरेटर दोनदा जुळवून झाले, पण दोन्ही तक्रारी तशाच राहिल्या. शेवटी मी स्वतः टायमिंग लाइट (ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते पुलीवरच्या खुणेवर दाखवणारा) आणि ड्वेल मीटर (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारे) घेऊन बसलो. आधी दिव्याने स्टॅटिक, म्हणजे इंजिन बंद असतानाचे, टायमिंग पाहिले, ते पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेच्या) आधी बरोबर १० अंशांवर होते. मग व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, ६०० फेऱ्यांवर लाइट धरला. पुस्तिकेप्रमाणे तिथे १४ अंश दिसायला हवेत. मला मात्र पुलीवरची खूण १५ ते २१ अंशांच्या मध्ये सतत इकडून तिकडे सरकताना दिसली. फेरे वाढवत नेले तर १३०० लाच ती ३० अंशांवर पोचली आणि तिथे थांबली. ड्वेलचा काटा ५२ ते ५८ अंशांमध्ये थरथरत होता, जिथे या डिस्ट्रीब्युटरसाठी ६० अंश, अधिक-उणे ३, अशी मर्यादा आहे.

डिस्ट्रीब्युटर आता टेबलावर आहे. काढताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर टीडीसीला आणला, रोटरचे तोंड कुठे आहे त्याची बाहेरच्या भांड्यावर खूण केली, आणि क्लॅम्पचा आवळणारा बोल्ट सैल न करता क्लॅम्पची पट्टी इंजिनाला धरणारे दोन स्क्रू काढले, म्हणजे बसवताना टायमिंग निदान जुन्या जागी तरी येईल. अजून आत हात घातलेला नाही. आधी काय पाहावे, आणि हा मुळात दुरुस्त होण्याजोगा आहे की बदलावा, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद: ठिणगी

बदलण्याचा विचार इतक्यात करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अर्धे निदान झालेले आहे, आणि इतके नीट मोजून प्रश्न विचारणारे फार थोडे असतात म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमचा थरथरणारा ड्वेल. शाफ्टवरच्या कॅमला चार उंचवटे आहेत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात आणि त्यातले ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. इंजिन ६००० फेऱ्यांवर असताना डिस्ट्रीब्युटर ३००० ने फिरतो, सेकंदाला २०० ठिणग्या पडतात, प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला ५ मिलिसेकंद येतात आणि त्यातले जेमतेम ३.३ मिलिसेकंद कॉइलला भरून घ्यायला मिळतात. हे सगळे ज्या फटीवर अवलंबून आहे ती फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. आता शाफ्टचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) झिजून शाफ्ट बाजूला नुसता ०.१ मिलिमीटर हलू लागला, तर त्या फटीचा जवळपास चौथा हिस्सा शाफ्टच्या मर्जीवर गेला. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते, फट कमी झाली की उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे येते. ड्वेलमधला १ अंशाचा फरक क्रँकवर साधारण १ अंशाचाच फरक घडवतो. तुमचा ड्वेल ६ अंशांत हलतो आहे आणि पुलीवरची खूणही ६ अंशांत हलते आहे, हा योगायोग नाही.

तेव्हा सर्वांत आधी रोटर काढून शाफ्टचे वरचे टोक दोन बोटांत धरा आणि आडवे हलवून पाहा. बोटाला खेळ जाणवता कामा नये. चारही दिशांना हलवा, कारण पॉइंटची स्प्रिंग वर्षानुवर्षे एकाच बाजूने दाबत असल्यामुळे बुश गोल झिजत नाही, एका अंगाला जास्त झिजतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. स्टॅटिक १० आणि ६०० फेऱ्यांवर १४ या पुस्तिकेतल्या दोन आकड्यांत ४ अंशांचे अंतर आहे, आणि ते डिस्ट्रीब्युटरमधल्या वजनांनी आयडलिंगलाच केलेले काम आहे; वेग वाढला की ही वजने बाहेर उघडतात आणि ठिणगी आधी पाडतात, यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात. तुमच्याकडे त्याच ठिकाणी सरासरी ८ अंश आहेत, आणि पूर्ण अ‍ॅडव्हान्स २००० च्या वर कुठेतरी यायला हवा तो १३०० लाच येऊन बसतो. याचा अर्थ वजने फार सहज उघडत आहेत. चढावरचे नॉकिंग मला तिथेच दिसते आहे. बेसप्लेट काढा आणि खालच्या दोन स्प्रिंगा नीट पाहा. त्या दोन स्प्रिंगा सारख्या नसतात, नसायलाच हव्यात. एक बारीक असते आणि सुरुवातीपासून काम करते. दुसरी जाड असते, तिच्या टोकाचा आकडा लांबट असतो आणि इंजिन बंद असताना ती सैल लोंबते, कारण तिने मध्यावर पोचल्यानंतरच ओढ धरायची असते. अनेकांना तो सैलपणा दोष वाटतो, आणि ते आकडा दाबून घट्ट करतात किंवा दोन्हीकडे सारख्या बारीक स्प्रिंगा लावून मोकळे होतात.

वजनांवरच्या पट्टीवर एक आकडा ठोकलेला असेल, तोही कळवा.

प्रतिसाद: कळसूत्र

ठिणगी यांचे विवेचन उत्तम आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न विचारतो. पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्यांच्या जागी रोटरखाली मावणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवले, तर फट, ड्वेल आणि पॉइंटच्या टाचेची (कॅमवर घासणाऱ्या भागाची) झीज हे तिन्ही विषय एकदम संपत नाहीत का? मी माझ्या गाडीला सात वर्षांपूर्वी ते बसवले आणि तेव्हापासून कॅप फक्त आतून पुसण्यासाठीच उघडली आहे.

प्रतिसाद: ठिणगी

कळसूत्र, मॉड्यूल ही चांगली वस्तू आहे आणि तुमच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. ज्याचा शाफ्ट आणि ज्याची वजने ठीक आहेत त्याने ते खुशाल बसवावे. परंतु मॉड्यूल पॉइंटची जागा घेते, वजनांची किंवा बुशची घेत नाही. चारचाकी यांनी ते आज बसवले तर आयडलिंग कदाचित सुधारेल, पण १३०० फेऱ्यांना ३० अंश हा आकडा तसाच राहील, चढावरचा आवाजही तसाच राहील, आणि मग मॉड्यूललाच बोल लागेल. शिवाय त्यांची गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या मालिकेपासून एमजीबी निगेटिव्ह अर्थ झाली, त्यामुळे बहुतेक मॉड्यूल त्याच हिशोबाने बनलेले असतात आणि उलट्या जोडणीत क्षणात जळतात. पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळे मॉड्यूल घ्यावे लागते. कॉइलच्या प्राथमिक वेढ्याचा रोधही पाहावा लागतो. १२ व्होल्टची साधी कॉइल सुमारे ३ ओहमची असते, तर बॅलास्ट रेझिस्टन्सबरोबर वापरायची कॉइल १.५ ओहमच्या आसपास असते. तीच कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर प्रवाह दुप्पट होतो आणि कॉइल किंवा मॉड्यूल यांपैकी एक गरम होऊन बंद पडते.

प्रतिसाद: फिरकी

जुने मेकॅनिक या सबंध डिस्ट्रीब्युटरलाच ‘डेल्को’ म्हणतात, मग तो ल्यूकसचा असला तरी. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी आणि कॉइलवर चालणारी इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकवर आली आणि डेल्को हे त्यांच्याच कंपनीचे नाव. पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांची ती मांडणी पुढे साठ वर्षांहून अधिक काळ मोटारींवर टिकून राहिली, यावरूनच तिची योग्यता कळावी.

मूळ विषयाबाबत माझी भर कंडेन्सर आणि रोटर यांच्यापुरती आहे. चारचाकी यांनी कंडेन्सर नवा घातला असे लिहिले आहे, पण नवा म्हणजे चांगला असे समजू नये. माझ्या गाडीत नवा घातलेला कंडेन्सर थंड इंजिनावर ठीक चालत असे आणि वीस मिनिटांनी गरम झाला की इंजिन अडखळू लागे. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्राथमिक वेढ्यातला प्रवाह फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो स्वतःकडे घेतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळते आणि दुय्यम वेढ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर आतून तुटला असेल तर अंधारात कॅप काढून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, पॉइंटमध्ये ठळक निळसर-पांढरी ठिणगी दिसेल आणि पॉइंट काही किलोमीटरमध्येच काळे पडतील. तो शॉर्ट झाला असेल तर ठिणगी अजिबात पडणार नाही. जुना मूळचा कंडेन्सर फेकून दिला नसेल आणि मीटरवर तो ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरॅडच्या घरात दाखवत असेल, तर मी तोच परत लावीन आणि नवा गाडीत राखीव ठेवीन.

रोटरची परीक्षा सोपी आहे. कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा, कॉइलकडून येणारी मधली जाड वायर चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीत धरून तिचे टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून पाचेक मिलिमीटरवर आणा, आणि इग्निशन चालू ठेवून मिटलेले पॉइंट लाकडी काडीने उघडझाप करा. रोटर चांगला असेल तर तिथे काही घडत नाही, फार तर एखादी क्षीण ठिणगी दिसते. दर वेळी ठिणगी पट्टीवर पडत असेल तर ती रोटरच्या प्लॅस्टिकमधून शाफ्टमध्ये उतरते आहे. पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेले रोटर या दुखण्याला अधिक बळी पडतात, कारण रिव्हेटचे खालचे टोक शाफ्टच्या अगदी जवळ जाते.

आणि कॅपच्या आत, मधल्या कार्बन ब्रशपासून एखाद्या पितळी टोकाकडे जाणारी, केसासारखी काळी रेघ दिसते का ते उजेडात तिरपे धरून पाहा. ती दिसली तर घासत बसू नका, कॅप बदला.

प्रतिसाद: चारचाकी

ठिणगी आणि फिरकी, दोघांचेही मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून डिस्ट्रीब्युटर पूर्ण उघडला. जे दिसले ते क्रमाने सांगतो.

शाफ्टचा खेळ बोटांना स्पष्ट जाणवला. पॉइंटच्या विरुद्ध बाजूला ढकलला की शाफ्ट टक् करून टेकतो. बेसप्लेटची अर्थ वायर पाहून मात्र मी थबकलो. कापडाच्या वेष्टनातली ती बोटभर वायर बाहेरून शाबूत वाटत होती, पण चिमट्याने वाकवल्यावर वेष्टनाच्या आत तारा जवळजवळ सगळ्या तुटलेल्या निघाल्या, दोन-तीन तारांवर सगळे काम चालले होते. व्हॅक्यूम युनिट बेसप्लेट ओढते तेव्हा दर वेळी ही वायर वाकते, हे माझ्या तोवर लक्षातच आले नव्हते. आयडलिंगला चुकणाऱ्या ठोक्याचा काही वाटा तिचाही असावा.

बेसप्लेटचे दोन स्क्रू काढून ती उचलली. वजनांवरच्या पट्टीवर १० हा आकडा ठोकलेला आहे. आणि ठिणगी यांनी गाडी न पाहता सांगितले होते ते तंतोतंत खरे निघाले, दोन्ही स्प्रिंगा सारख्याच बारीक आहेत, दोन्ही चमकदार आहेत आणि बाकी सर्व भाग जुन्या तेलाने तपकिरी झालेले आहेत. कधीतरी कोणीतरी त्या बदललेल्या आहेत.

व्हॅक्यूम युनिट चांगले आहे. नळी तोंडात धरून ओढले आणि जिभेने बंद केले, तेव्हा बेसप्लेट सरकली आणि अर्धा मिनिट तशीच धरून राहिली. युनिटवर ५-१३-१० असे आकडे आहेत, त्यांचा अर्थ कोणी सांगेल का?

आता शाफ्ट बाहेर काढायचा तर खालच्या ड्राइव्ह डॉगची (शाफ्टला इंजिनाशी जोडणाऱ्या तुकड्याची) पिन ठोकावी लागेल. इथे थोडी भीती वाटते.

प्रतिसाद: ठिणगी

१० हा आकडा म्हणजे वजनांनी डिस्ट्रीब्युटरवर दिलेला कमाल अ‍ॅडव्हान्स १० अंश, क्रँकवर त्याचे २० होतात. स्टॅटिक १० मध्ये हे २० मिळवले की ३० येतात, आणि तुम्हाला लाइटखाली कमाल ३० च दिसले होते. म्हणजे पट्टी योग्य आहे, फक्त तिथे पोचण्याचा वेग चुकला आहे. तुमच्या गाडीसाठी योग्य अशी एक बारीक आणि एक जाड स्प्रिंग मिळवा. भांड्याच्या बाहेरच्या अंगावर पाच आकडी क्रमांक ठोकलेला आहे, त्यावरून कोणत्या स्प्रिंगा हव्यात ते ठरते. त्याच्या शेजारचे छोटे आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, त्यावरून डिस्ट्रीब्युटर गाडीच्याच वयाचा आहे की नाही तेही कळेल. स्प्रिंगा बसवताना त्या चिमट्याने ताणू नका. एकदा ताणलेली स्प्रिंग पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

व्हॅक्यूम युनिटवरचा पहिला आकडा पाऱ्याच्या इंचांत आहे, ५ इंचांना ते हलू लागते. दुसरा म्हणजे १३ इंचांना ते पूर्ण ओढले जाते. तिसरा म्हणजे डिस्ट्रीब्युटरचे कमाल अंश, १०, म्हणजे क्रँकचे २०. हा अ‍ॅडव्हान्स हलक्या भारावर मिळतो, जेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरते आणि जळायला जास्त वेळ घेते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि हे २० अंश आपोआप निघून जातात. म्हणून तुमच्या चढावरच्या नॉकिंगचा दोष व्हॅक्यूमकडे जात नाही.

पिनची भीती बाळगू नका, पण घाईही करू नका. आधी पिनची दोन्ही टोके कानशीने सपाट करा, कारण ती ठोकून पसरवलेली असतात. डॉगखाली भक्कम आधार द्या, शाफ्टवर घाव पडू देऊ नका. आणि पिन काढण्याआधी एक गोष्ट अवश्य करा. डॉगची जीभ मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेली आहे. डिस्ट्रीब्युटर इंजिनात एकाच प्रकारे बसावा म्हणून ती तशी केलेली आहे. रोटरची खाच अमुक दिशेला असताना डॉगचा मोठा भाग कोणत्या बाजूला येतो, याचे छायाचित्र काढून ठेवा. डॉग शाफ्टवर उलटा बसवला तर पिनची भोके तरीही जुळतात, डिस्ट्रीब्युटर इंजिनात निमूटपणे बसतो, आणि ठिणगी १८० अंश चुकीच्या जागी पडते. हे मी स्वतः केलेले आहे, आणि दोष शोधण्यात एक अख्खा रविवार घालवलेला आहे.

नवा बुश सच्छिद्र धातूचा असतो आणि तेल पोटात साठवतो. तो दाबून बसवण्याआधी २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. घाई असेल तर १०० अंश सेल्सिअस तापवलेल्या तेलात दोन तास पुरतात. ही पायरी वगळलेला बुश वर्षभरात पुन्हा खेळ दाखवू लागतो.

प्रतिसाद: फिरकी

जोडताना लोक सर्वांत जास्त कुठे अडकतात ते सांगतो. पॉइंटची स्प्रिंग ज्या खुंटीवर टेकते, तिथे कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून येणारी वायर या दोघींची टोके स्प्रिंगला लागली पाहिजेत आणि खुंटीला मात्र लागता कामा नयेत. त्यासाठी प्लॅस्टिकची टोपी असलेला वायसर असतो, तो खुंटीवर चढवून वायरींची टोके त्या टोपीभोवती बसवायची. वायसरचा क्रम चुकला की पॉइंट कायमचे मिटल्यासारखे वागतात आणि गाडी एक ठिणगीही देत नाही. शिवाय नव्या पॉइंटच्या तोंडांवर गंज येऊ नये म्हणून पातळ लेप असतो, तो पेट्रोलने पुसून घ्यावा.

वायरींबद्दलही एक शब्द. ज्या कॅपमध्ये प्लगची वायर आतल्या टोकदार स्क्रूने पकडली जाते, तिथे तांब्याच्या तारेचीच वायर वापरावी. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीत तो स्क्रू घुसतो, पण खात्रीची पकड मिळत नाही.

प्रतिसाद: पाऊलवाट

मी या विषयात नवखी आहे, वडिलांची जुनी गाडी नुकतीच माझ्याकडे आली आहे. टायमिंग लाइट माझ्याकडे नाही. मूळ लेखात दिव्याने स्टॅटिक टायमिंग पाहिल्याचा उल्लेख आहे, ते कसे करतात हे कोणी समजावून सांगाल का? आणि तेल नेमके कुठे घालायचे?

प्रतिसाद: ठिणगी

अवश्य. आधी पॉइंटची फट लावा, मग टायमिंग, हा क्रम कधीही उलटा करू नका, कारण फट बदलली की टायमिंग बदलते आणि टायमिंग बदलल्याने फट बदलत नाही. पॉइंटची टाच कॅमच्या ऐन उंचवट्यावर आणून फिलर गेजची पट्टी फटीत सरकवा. पट्टी फटीत ओढल्यासारखी जायला हवी, पॉइंटला ढकलून नव्हे.

मग प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. पहिल्या सिलिंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक शोधून पुलीची खूण तुमच्या पुस्तिकेतल्या अंशांवर आणा. एमजीबीच्या सुरुवातीच्या इंजिनांवर या खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, तेव्हा गाडीखालून पाहावे लागते. १२ व्होल्टचा छोटा दिवा डिस्ट्रीब्युटरच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत जोडा आणि इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला असतो, उघडताक्षणी लागतो. डिस्ट्रीब्युटरचे भांडे हळूहळू फिरवत दिवा नेमका लागतो तिथे क्लॅम्प आवळा. एमजीबीचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून भांडे घड्याळाच्या दिशेने फिरवले की टायमिंग पुढे जाते. २५डी४ ला व्हॅक्यूम युनिटच्या बाजूला खाचा असलेला एक नट आहे, त्याने बारीक फरक करता येतो. त्याचे ११ खटके म्हणजे क्रँकचा १ अंश. नंतर आलेल्या ४५डी४ वर हा नट नाही, तिथे भांडेच फिरवावे लागते.

तेलाच्या जागा चार. रोटर काढला की शाफ्टच्या टोकाला एक स्क्रू दिसतो, त्यावर दोन-तीन थेंब. स्क्रू काढू नये, त्याच्या कडेनेच तेल आत उतरते. बेसप्लेटच्या छिद्रातून वजनांवर दोन थेंब. पॉइंटच्या खुंटीवर अगदी एक. आणि कॅमवर ग्रीसचा इतका पातळ हात की बोट फिरवल्यावर नुसती चकाकी दिसावी. हात सैल सोडू नका. जास्तीचे तेल पॉइंटवर उडते, जळते, आणि तुम्ही कंडेन्सरला दोष देत बसता.

प्रतिसाद: चारचाकी

काम पूर्ण झाले, म्हणून मोजमापांसह लिहितो.

पिन तिसऱ्या हलक्या घावाला निघाली. शाफ्ट बाहेर आल्यावर जुन्या बुशच्या आत एका बाजूला लांबट चकाकणारा पट्टा दिसला, तिथेच तो झिजला होता. शाफ्टवर मात्र नखाला लागेल असा कंगोरा नव्हता, त्यामुळे शाफ्ट तोच ठेवला. नवा बुश रात्रभर आणि दुसरा दिवसभर तेलात ठेवला. बाहेर काढून कोरडा पुसला तरी मिनिटभरात त्याच्या अंगावर पुन्हा तेलाचा घाम आला, तेव्हा सच्छिद्र म्हणजे काय ते डोळ्यांना दिसले. बेसप्लेटला नवी मऊ वायर जोडली, ती व्हॅक्यूम युनिटच्या पूर्ण ओढीलाही ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवली. स्प्रिंगा भांड्यावरच्या क्रमांकाप्रमाणे मागवल्या. जाड स्प्रिंग बसवल्यावर ती खुंटीवर सैल लोंबू लागली, आणि ठिणगी यांनी आधी सांगितले नसते तर ती मी नक्कीच दाबून घट्ट केली असती. छायाचित्र समोर ठेवून डॉग बसवला, नवी पिन दोन्ही टोकांना पसरवली.

फट ०.०१५ इंच ठेवली आणि दिव्याने स्टॅटिक १० लावले. पहिल्याच प्रयत्नात इंजिन सुरू झाले. ड्वेल ६० अंश, काटा जागेवरून हलत नाही. ६०० फेऱ्यांवर खूण १४ अंशांवर, आणि लाइटखाली ती पुलीवर रंगवल्यासारखी स्थिर. फेरे वाढवत गेलो तर ती सावकाश पुढे सरकत २००० ओलांडल्यानंतर ३० वर पोचली. त्याच चढावर, त्याच चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम पाय दाबून पाहिला, नॉकिंग नाही. फिरकी यांच्या सांगण्याप्रमाणे रोटरही तपासला, तो चांगला निघाला. मूळचा कंडेन्सर मीटरवर ०.२१ मायक्रोफॅरॅड दाखवतो, म्हणून तोच परत लावला आहे.

प्रतिसाद: कळसूत्र

अभिनंदन. तुमचे आकडे वाचून मीही काल माझ्या गाडीला लाइट लावून वजनांचा अ‍ॅडव्हान्स पाहिला. मॉड्यूलमुळे आयडलिंगची खूण स्थिर आहे, पण फेरे वाढवले की ती अडकत अडकत पुढे जाते आणि इंजिन खाली आणल्यावर पटकन परत येत नाही. सात वर्षे बेसप्लेटखाली तेलाचा थेंब गेलेला नाही, हे मला मान्य करावे लागेल.

प्रतिसाद: ठिणगी

कळसूत्र, वजनांच्या खुंट्या कोरड्या पडल्या आहेत. बेसप्लेट काढून जुने घट्ट झालेले तेल रॉकेलने धुवा आणि मग दोन थेंब घाला, धुतल्याशिवाय वरून नुसते तेल घालू नका. वजने बोटाने उघडून सोडली की स्प्रिंगांनी ती आपणहून पूर्ण मिटली पाहिजेत.

चारचाकी, नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते. ५०० किलोमीटर झाल्यावर ड्वेल आणि टायमिंग पुन्हा एकदा पाहा.

प्रतिसाद: चारचाकी

५०० किलोमीटर पूर्ण झाले. फट ०.०१५ वरून ०.०१४ इंचांवर आली आहे, ड्वेल ६० चा ६१ झाला आहे आणि ६०० फेऱ्यांवर टायमिंग १४ ऐवजी १३ अंश दिसते आहे. फट मर्यादेत असल्यामुळे पॉइंटला हात लावला नाही. खाचांचा नट पुढच्या दिशेला मोजून ११ खटके फिरवला, आणि खूण १४ वर आली.